कर्ज तुझ्या नावावर असतं

चि. बाळ,

वाकडला ८० लाखांचा फ्लॅट गुंतवणूक म्हणून घ्यायचं तुझ्या मनात आहे. ‘२० टक्के आत्ता भरा, ताबा मिळेपर्यंत हप्ते बिल्डर भरेल’ ही योजना तुला आवडलीय. मला काळजी वाटते ती नेमकी तिचीच.

कर्ज तुझ्या नावावर असतं. बँक पैसे बिल्डरला देते. त्याने हप्ते थांबवले की बँक तुझ्याच दारात येते आणि सिबिलही तुझंच बिघडतं. नोएडाकडे कितीतरी कुटुंबं अशीच अडकली: घर अर्धवट, मागणी-नोटिसा मात्र वेळेवर. बांधकाम जसं वर चढेल तसेच पैसे सोडा, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. २०१९ मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने गृहवित्त कंपन्यांनाही अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं.

आता आकडे मांडू. ८० लाखांच्या या फ्लॅटला बँक फार तर ८० टक्के, म्हणजे ६४ लाख देईल. उरलेले १६ लाख, ५ टक्के जीएसटीचे ४ लाख, ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३० हजार तुझ्या खिशातून जातील. सुमारे २६ लाख झाले. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साडेपंचावन्न हजारांच्या आसपास बसतो. भाडं २५ हजार धरलं, तरी दरमहा ३० हजारांची तूट तुझ्या पगारातून भरायची. रेपो दर वाढला की हप्ता किंवा मुदत वाढणार.

बँक किती मंजूर करते याला महत्त्व देऊ नकोस. भाडेकरू नसताना किती महिने तग धरशील, त्यावर कर्ज ठरव. वर्षभराचे हप्ते बाजूला ठेवता येत नसतील, तर लहान घर घे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर पाहिलंस तर जीएसटी वाचेल आणि भाडं लगेच सुरू होऊ शकेल.

तरीही हेच घ्यायचं असेल, तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची ताब्याची तारीख किती वेळा पुढे गेली ते बघ. करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बिल्डरला कायद्याने मनाई आहे. तेव्हा २० टक्के आधी देऊ नकोस. टोकन देण्याआधी करारनाम्याचा मसुदा मला पाठव. हप्ते कोण, किती काळ भरणार, हे कलम आपण दोघं मिळून वाचू.

तुझी,
मावशी