कांजिण्या आणि कात्री

कडुलिंबाला पांढरा फुलोरा आला आणि आमच्या घरात कांजिण्या आल्या. धाकटी तापाने फणफणली, अंगावर पाण्याचे फोड उठले. आमची आई म्हणाली, "माता आलीय. आंघोळ नको, केसाला कात्री नको."

आम्ही ऑफिसात रजा टाकून तिला डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, "हा विषाणूचा आजार आहे. आंघोळ घाला, नखे कापा, अॅस्पिरिन देऊ नका. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत शाळा नको."

आईच्या गालावर लहानपणच्या देवीचे वण आहेत. तिची भीती खोटी नव्हती. आम्ही तिला समजावले की देवी पूजेने नव्हे, लसीने गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली तसे जाहीर केले. ती काही बोलली नाही.

पाचव्या दिवशी पोरीच्या गुंतलेल्या केसांत फणी जाईना. ती रडू लागली. आम्ही कचरत होतो. शेवटी आईच कात्री घेऊन उठली. म्हणाली, "माझे केस महिनाभर कुणी विंचरले नव्हते. लेकराला तो त्रास नको."

आता धाकटीचा बॉबकट झाला आहे आणि आजी तो सगळ्या चाळीला दाखवते.

बंधुभगिनींनो, घरातल्या म्हाताऱ्यांशी भांडू नका. समजावून सांगा, त्यांना कळते.