चारचा भोंगा

पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसात दिवाळीच्या आधी आठवडाभर एकच टॉपिक असतो, 'गावी कधी निघतेयस?' कुणाचं कोकणात घर, कुणाची साताऱ्याकडे शेती. विहीर, आंबे, आजी... सगळं कसं कॅलेंडरवरच्या फोटोसारखं! माझी पाळी आली की मी सांगते, 'घुग्घुस.' समोरचा दोन सेकंद गप्प. हसावं की नाही, या विचारात. मग मीच पुढे जोडते, 'चंद्रपूरजवळ. कोळशाच्या खाणी आहेत ना, तिथे.' 'ओह, म्हणजे ताडोबा!' नाही हो, ताडोबात वाघ. आमच्याकडे डंपर.

चंद्रपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, वर्धा नदीच्या जवळ हे आमचं गाव. एकीकडे कोळसा, दुसरीकडे सिमेंटचा कारखाना. म्हणजे धूळसुद्धा दोन रंगांत! आई कपडे वाळत घालायच्या आधी वारा कुठून येतोय ते बघायची. शाळेचा युनिफॉर्म सोमवारी पांढरा, बुधवारी राखाडी. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला तरी कुणी त्याची बातमी करायचं नाही. दुपारी खदानीत ब्लास्टिंग झालं की मांडणीवरची भांडी थरथरायची आणि आम्ही गणितं सोडवत राहायचो. आणि घड्याळ? ते लागायचंच कुणाला! भोंगा होता ना. चारचा भोंगा झाला की पहिली पाळी सुटायची, आई चहाचं आधण ठेवायची आणि आम्ही गेटकडे पळायचो. काळ्या चेहऱ्यांच्या गर्दीतून आपले बाबा ओळखणं हा आमचा रोजचा गेम होता. दात दिसले की ओळखायचे!

१९७३ मध्ये देशातल्या बहुतेक कोळसा खाणी सरकारच्या झाल्या, १९७५ मध्ये नागपूरला मुख्यालय असलेली वेकोलि आली. खाणींच्या मागे माणसं आली. बिहारची, यूपीची, छत्तीसगडची, गोदावरीपलीकडची तेलुगू. त्यामुळे आमच्या लाइनीत शाळा मराठीत, भांडणं हिंदीत आणि प्रेमाने रागावणं शेजारच्या आंटींच्या तेलुगूत. विश्वकर्मा पूजेला यंत्रांना हार घालायचे, त्याचा प्रसाद सगळ्यांच्या घरी. मी पुण्यात आले, भाजीवाल्याला म्हटलं, 'दादा, पाच रुपयांचा सांबार द्या.' तो म्हणाला, 'ताई, हॉटेल समोर आहे.' कोथिंबिरीला सांबार म्हणणारी माणसं कुठून येतात, हे त्याला तरी कसं कळणार!

पण या सगळ्यात एक गोची आहे. या गावात आमचं काहीच नव्हतं.

खाणीच्या गावात घर नोकरीसोबत येतं आणि नोकरीसोबत जातं. बाबा २०१८ साली रिटायर झाले. निरोपाचा हार आणि किराणा दुकानातली रिकामी खोकी एकाच महिन्यात घरात आली. एकतीस वर्षं! अंगणातला मोगरा आईने लावलेला, पण जमीन आमची नाही. शेवटच्या दिवशी आईने त्याच्या दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेतल्या. किल्ली परत करायची, सही करायची, झालं. नियमच तो, त्यात कुणाला दोष देणार? पण कोकणातला माझा कलीग 'आमचं घर दीडशे वर्षांचं' म्हणतो, तेव्हा मला वाटतं, ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांनी 'माझं गाव' म्हणायचं की नाही?

मी बाबांना म्हटलं, पुण्याला या. एका रविवारी बाणेरला सॅम्पल फ्लॅट बघायला नेलं. सेल्सचा पोरगा क्लबहाउस, जिम, इन्फिनिटी पूल सांगत होता आणि बाबा बोटाच्या पेरांनी भिंती ठोकत फिरत होते. टक टक. टक टक. मग म्हणाले, 'हे भिंत पोकळ वाजून रायली, बाप्पा!' पोरगा गार.

ती बाबांची आयुष्यभराची सवय. जमिनीखाली कामाला उतरलं की आधी सळईने छत ठोकून बघायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बोदं वाजलं तर बाहेर. मी सातवीत असताना त्यांनी मला वहीवर चित्र काढून समजावलं होतं. खाली सगळाच कोळसा काढत नाहीत. मधे मधे कोळशाचेच जाडजूड खांब सोडतात, त्यांच्यावर छत उभं राहतं. पुढे खांबही काढायचे असतील, तर रिकाम्या जागेत नदीची वाळू भरतात. मी विचारलं, 'आणि वर काय असतं?' ते म्हणाले, 'वर आपण.'

२६ ऑगस्ट २०२२ ला घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसं आधीच बाहेर पडली होती, म्हणून वाचली. मी मीटिंगमध्ये होते, फोनवर व्हिडिओवर व्हिडिओ येत होते. तोवर बाबांनी चंद्रपुरात दोन खोल्या घेतल्या होत्या, पुण्याला 'बघू नंतर' म्हणून. त्यांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, 'माणसं निघाली ना?' मग बराच वेळ काही बोललेच नाहीत.

परवा आमच्याकडे सस्टेनेबिलिटीवर प्रेझेंटेशन झालं. स्लाइडवर कोळसा म्हणजे व्हिलन. मला पटतं. ती धूळ मी खाल्लीय, आणि बाबांचा सकाळचा खोकला मी फोनवर रोज ऐकते. पण त्या प्रोजेक्टरची वीज कुठून येते? चंद्रपूरचं औष्णिक वीजकेंद्र एकटं २,९२० मेगावॅटचं आहे, कोळशावर चालणारं. माझी इंजिनिअरिंगची फी त्याच कोळशातून भरली गेली. कोळसा थांबायलाच हवा. पण तो थांबेल तेव्हा त्याच्यासोबत जी गावं थांबतील, त्यांचीही एखादी स्लाइड असावी, एवढंच मी हात वर करून म्हटलं. टाळ्या वगैरे नाही पडल्या. पण लंचला एक मुलगा शेजारी येऊन बसला. म्हणाला, 'मी धनबादचा.' अर्धा तास आम्ही फक्त भोंग्यांबद्दल बोललो!

गेल्या हिवाळ्यात जाऊन आले. आमच्या क्वार्टरच्या दोरीवर दुसऱ्याच कुणाचे युनिफॉर्म वाळत होते. राखाडी. मोगरा मात्र अजून आहे. आमची लाइन आता पार पांगलीय. तेलुगू आंटी करीमनगरला, समोरचे अंकल छपऱ्याला, आईबाबा चंद्रपूरला. उरलाय तो व्हॉट्सअॅप ग्रुप. त्यावर गुड मॉर्निंगची फुलं असतात, नातवंडांचे वाढदिवस असतात आणि अधूनमधून एखादी वाईट बातमी.

आणि रोज दुपारी चारला छपऱ्याचे अंकल एकच शब्द टाकतात, 'भोंगा!' मग करीमनगरहून अंगठा येतो, रायपूरहून चहाचा कप, नागपूरहून हसरा चेहरा. बाबा सगळ्यात शेवटी लिहितात, 'पोहोचलो.'