चिपाडाची वीज

गळीत हंगामात जयसिंगपूरहून कुरुंदवाडकडे जायचे म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत जायचे. यंदा आम्ही शाळेच्या मुलांसह शिरोळ तालुक्यातला एक साखर कारखाना पाहिला. रस काढून उरलेले चिपाड, तिथल्या भाषेत बगॅस, पट्ट्यावरून थेट बॉयलरकडे जाते. टनभर उसामागे ते पावणेतीनशे ते तीनशे किलो भरते. त्यातले निम्मे पाणीच! तरी ते जळते. वाफेवर टर्बाइन फिरते, पुढे तीच वाफ रस आटवते. कारखान्याची गरज भागून उरलेली वीज विकली जाते. उसाने हवेतून घेतलेला कार्बनच परत हवेत जातो, म्हणून ही वीज नवीकरणीय.

परतताना एका फडात पाचट पेटवलेले दिसले. काजळी मुलांच्या टोप्यांवर पडत होती. या आगीतून ना वीज, ना खत.

"मजूर मिळत नाहीत, सर," शेतकरी चाचा म्हणाले.

आमच्या मते पाचट बॉयलरलाही देऊ नये. बुडखे छाटून, पाचट सरीत दाबून थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले, की खोडव्याला ओल टिकते, सेंद्रिय कर्बही वाढतो. बांधाकडच्या चार सऱ्या तेवढ्या तशा ठेवून बघतो, असे चाचांनी कबूल केले.