आधी परतीचं बोला

“कोल्हापूर एका दिवसात होतं का हो?” असं फोनवर कुणी विचारलं की मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. रात्री घरी किती वाजेपर्यंत पोचायचंय, एवढंच विचारतो. समोरचा जरा गडबडतो. सकाळी कधी निघायचं, नाष्टा कुठं करायचा, देवीला रांग किती असेल, याचा त्यानं विचार केलेला असतो. परतीचा विचार म्हणजे “मग काय, निघू आरामात.” टुरिस्ट गाडीच्या धंद्यात राहून माझं एक मत पक्कं झालंय. एका दिवसात जाऊन यायचं म्हणजे ते दोन प्रवास असतात, आणि आखायचा असतो तो दुसरा. पहिला काय, उत्साहावर होऊन जातो.

पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. मोबाइलवरचा नकाशा चार तास दाखवतो, पहाटे बघितलं तर त्याहूनही कमी. तो खोटं बोलत नाही. पण तो गाडीचा हिशेब करतो, गाडीत बसलेल्यांचा करत नाही. त्यातून माझी गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे वेगाला कुलूप लावलेली. ८० च्या पुढं ती जातच नाही. खासगी गाड्यांना चौपदरी महामार्गावर १०० ची मुभा आहे, त्यामुळं त्या सुर्रकन पुढं जातात आणि माझ्या गाडीतला एखादा तरुण भाचा हळहळतो. “काका, जरा दाबा की.” दाबून काय होणार? मी त्याला तोंडी गणित घालतो. अख्खा रस्ता एकदाही पाय न उचलता ८० नं आणि १०० नं तोडला, तर फरक पडतो पस्तीस मिनिटांचा. आणि अख्खा रस्ता तसा कधीच मिळत नाही. चार टोलनाके, खंबाटकीला रांगणारे ट्रक, साताऱ्यापासून पुढं सहापदरीच्या कामासाठी जागोजागी दिलेली डायव्हर्जनं. उरतात पंधरा-वीस मिनिटं, आणि ती एका जादा चहात जातात. थांबे धरून मी एका बाजूला साडेचार तास लावतो. ते कमी करायच्या फंदात पडत नाही.

टोलचंही एकदाच सांगून टाकतो, कारण ते बिलावर दिसतं आणि मग प्रश्न येतात. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे चार नाके. चोवीस तासांच्या आत परत आलात तर दोन्हीकडचे मिळून दीडपट पैसे लागतात, आणि फास्टॅग येताना ते आपोआप कमी कापतो. ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना वर्षाचा पास मिळतो, सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांना होता. आम्हाला नाही. रस्त्यावर वर्षभर जो पळतो त्याला सोडून पास काढला आहे, असं आमच्या स्टँडवर रोज कुणीतरी म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात.

तर परतीचं गणित. हिवाळ्यात सहाला अंधारून येतं. नोव्हेंबर ते मार्च हा उसाचा हंगाम, आणि कोल्हापूरपासून साताऱ्यापर्यंतचा सगळा पट्टा उसाचा. दिवसा ऊस दिसतो, रात्री दिसत नाही, इतकं ते सोपं आहे. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यांच्या कडांबाहेर हात-दीड हात आलेल्या मोळ्या, मागचा दिवा बंद नाहीतर उसाखाली झाकलेला. हेडलाइटच्या झोतात आधी एक करडी भिंत दिसते. ती हलतीय की उभी आहे हे कळायला दोन सेकंद जातात, आणि ८० च्या वेगात दोन सेकंद म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मीटर. बरं, ट्रॅक्टरवाला डावीकडून जाईल असंही नाही. डावीकडची कड खचलेली असते, ट्रॉली कलंडायची भीती असते, म्हणून तो आपला मधून चालतो. त्याची गाणी लांबून ऐकू येतात, पण आपल्या काचा बंद असतात.

म्हणून माझा नियम असा की या दिवसांत सातारा उजेडात ओलांडायचा. पाचला सातारा म्हणजे दोनला कोल्हापूरच्या वेशीवरची शिरोली सोडायला हवी. दोनला शिरोली म्हणजे दीडला सगळे गाडीत, चपला-बूट, प्रसाद, आजोबांची काठी, सगळ्यासकट. त्याआधी जेवण. त्याआधी दर्शन. म्हणजे साडेनऊला कोल्हापुरात, आणि पाचला पुणं सोडायचं. गिऱ्हाइकाला वाटतं पहाटे पाच हे माझं खूळ आहे. ते दुपारच्या दोनपासून मागं मोजत आलेलं असतं. आणि ते मोजणं तिथंही थांबत नाही. पाचला निघायचं तर चालकानं आदल्या रात्री नऊ-साडेनऊला झोपायला पाहिजे. आदल्या रात्री विमानतळाची ड्युटी करून दोनला घरी आलेल्या पोराला मी पाचला कोल्हापूरला पाठवत नाही, भाडं गेलं तरी चालेल. तो नको म्हणत नाही, त्याला हप्ता भरायचा असतो. म्हणून नको मलाच म्हणावं लागतं.

रविवारी हिशेबात आणखी एक काटा शिरतो. सुरूर फाट्याला महाबळेश्वर-पाचगणीची सगळी गर्दी महामार्गाला मिळते आणि तिथून खेड शिवापूरपर्यंत गाडीला गाडी लागते. एक तर सुरूर चारच्या आत सोडा, नाहीतर नऊनंतर. मधल्या वेळात तिथं सापडलात तर पोरं रडतात आणि मोठे एकमेकांवर उखडतात. शनिवारी सकाळी ह्याच्या उलट. पुण्याकडून जाणाऱ्याला खंबाटकी चढायची असते, आणि एखादा बंद पडलेला कंटेनर पुरतो. येताना घाट नसतो, बोगदा असतो, पण बोगद्यानंतरच्या इंग्रजी ‘एस’ वळणावर मी कितीही घाई असली तरी कुणाला ओव्हरटेक करत नाही.

एवढी आखणी झाल्यावर एक शब्द येतो आणि सगळी मोडून टाकतो. ‘वाटेतच.’

“ज्योतिबा पण करू की. वाटेतच आहे.”

“वहिनी, तो डोंगरावर आहे. कोल्हापूरपासून सतरा-अठरा किलोमीटर.”

“मग अर्धा तास!”

अर्धा तास जायला. मग पार्किंग, पायऱ्या, रांग, गुलाल, खोबरं, उतरणं, फोटो. दोन तास धरा. ज्योतिबाची मला अडचण नाही, मी स्वतः हात जोडतो तिथं. पण ते दोन तास कुठून काढायचे हे सांगा. दर्शनातून? जेवणातून? ते तिथून निघत नाहीत. ते नेहमी परतीच्या उजेडातून निघतात, कारण उजेड कुणाच्या पानावर वाढलेला नसतो. तो गेलेला कळत नाही. नरसोबाची वाडी, पन्हाळा, सज्जनगड, सगळे ह्याच जातीचे. मी आता बुकिंगलाच विचारतो, मुख्य काम कोणतं? एकच सांगा. ते झालं आणि दीड वाजायला वेळ उरला तर रंकाळा नक्की.

मुख्य काम देवीचं असेल तर वार बघायचा. मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र सोडून दुसरा दिवस असेल तर गणित बसतं. मी बिंदू चौकाच्या बाजूला सगळ्यांना उतरवतो आणि सीएनजीच्या रांगेत जाऊन उभा राहतो. एका टाकीत ह्या गाडीला कोल्हापूर गाठता येतं, वर फारसं उरत नाही. तासभर गेला तरी तो त्यांच्या दर्शनाच्या तासात जातो. परतीच्या वाटेवर गॅसला थांबणं म्हणजे पुन्हा उजेडातून उसनं घेणं.

जेवणाचं मात्र मला सांभाळून बोलावं लागतं. कोल्हापुरात येऊन तांबडा-पांढरा रस्सा नको असं कोण म्हणेल? “ड्रायव्हरकाकांनाही तेच ताट द्या” असं प्रेमानं सांगणारे लोक असतात, त्यांचं मन मोडवत नाही. मी सुकं मटण आणि एक भाकरी खातो, रस्सा वाटीभर, भाताला हात लावत नाही. जेवणानंतर तासाभरानं पेठ नाक्याच्या पुढं झोप येते. सगळ्यांनाच येते. मागची मंडळी एकामागोमाग एक मान टाकतात, आणि ते संसर्गजन्य असतं. म्हणून पुढच्या सीटवर कुणी बसायचं हे मी सकाळीच ठरवून घेतो. पुढं बसणाऱ्यानं झोपायचं नाही. बहुतेक घरांत एक बोलका मामा असतो, ज्याचं घरचे कुणी ऐकून घेत नाहीत. तो मला पाहिजे. साखर कारखाने, मुलीचं स्थळ, निवडणुका, काय हवं ते बोलू दे. कराडला चहा होईपर्यंत त्यानं किल्ला लढवला की माझं काम झालं.

बसण्याची जागा हा एक बारकावा आहे आणि तो फार कुणाच्या लक्षात येत नाही. पुण्याहून कोल्हापूर म्हणजे दक्षिणेला जाणं. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे डाव्या हाताला. परतताना तोंड उत्तरेला आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डाव्याच हाताला. डाव्या खिडकीत बसलेला माणूस जातानाही भाजतो आणि येतानाही. “सकाळी तू तिकडं बस, येताना मी बसते” अशी न्यायानं केलेली वाटणी इथं फुकट जाते. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला मी माझ्या मागं बसवतो, उजवीकडं. त्यांना वाटतं मान दिला. मान आहेच, पण सावलीही आहे.

दुसरी न बोलता करायची गोष्ट म्हणजे थांबणं. बायका सांगत नाहीत. पाणी कमी पितात, ओठ सुकवून बसतात, पण गाडी थांबवा म्हणत नाहीत, आणि मधुमेहाचे आजोबा तर कळ काढून काढून घामाघूम होतात. मी दर दीड तासानं स्वतःच गाडी आत घेतो. “इंजिन जरा गार होऊ दे” म्हणतो. इंजिनाला काही झालेलं नसतं. स्वच्छ संडास कुठल्या पंपावर आहे, कुठल्या हॉटेलात पाणी असतं आणि कुठं नुसती पाटी असते, ही यादी माझ्या डोक्यात नाक्यांच्या यादीपेक्षा पक्की आहे.

पावसाळ्यात हे सगळं बाजूला पडतं. तेव्हा सकाळी एकच आकडा बघायचा, राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ धोका. पाणी ३९ कडं चढत असेल आणि वर राधानगरीकडं पाऊस चालू असेल, तर सकाळी जाता येतं पण संध्याकाळी शिरोलीतून बाहेर पडता येईल की नाही सांगता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पाणी आलं आणि महामार्ग कित्येक दिवस बंद होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. देवी कुठं जात नाही, आठ दिवसांनी जाऊ म्हणायचं.

आणि आता ज्याच्यासाठी मी परतीचं एवढं घोकतो ती जागा. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सगळा उतार. काही मालवाहू ट्रकवाले डिझेल वाचवायला तिथं न्यूट्रल करतात, काहींचे ब्रेक तापून निकामी होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका रात्री एकाच वाहनानं तिथं कित्येक गाड्या ठोकरल्या. चौदा-पंधरा तासांच्या दिवसातला हा शेवटचा टप्पा. चालक सगळ्यात दमलेला असतो आणि गाडीतली माणसं नेमकी जागी झालेली असतात. कुणी घरी फोन लावतो, “आलोच, दूध काढून ठेव.” कुणी पिशव्या शोधतो. कुणी म्हणतो, “आधी ताईला सिंहगड रोडला सोडा,” ताई म्हणते, “नाही, आधी तुम्ही.” मला त्या वेळी आरशात फक्त मागचा ट्रक बघायचा असतो. म्हणून कुणाला आधी उतरवायचं, कुणाचे पैसे कोण देणार, हे सगळं शिरवळच्या चहाला मिटवून घेतो. बोगद्यानंतर माझ्याशी कुणी बोलू नये असं मी स्पष्ट सांगतो. बोलक्या मामानंसुद्धा.

एका भाड्याला मात्र मी एका दिवसाचं नावच काढू देत नाही. किरणोत्सव. ९ ते ११ नोव्हेंबर, आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत येत गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीवर, मग मुखावर, अशी त्यांची चढती वाट. ढग असले तर तेही नाही. ते बघायचं तर सूर्य मावळेपर्यंत मंदिरात थांबायला हवं. म्हणजे गर्दीतून बाहेर पडून गाडी हलायला सात. दोन्ही तारखा भर ऊसहंगामातल्या. किणीपासून साताऱ्यापर्यंत काळोखात ट्रॉल्या, आणि नवले पुलाचा उतार साडेअकरा-बाराला. मी म्हणतो, मुक्काम करा.

मुक्कामाचा भत्ता मिळवायला मी हे सांगतो, असं काहींना वाटतं. वाटणारच. दिवसाला किमान ३०० किलोमीटर लावायची आमची रीत, त्यामुळं दोन दिवसांचं बिल खरंच फुगतं. ज्यांना ते झेपत नाही त्यांना मी दुसरा मार्ग सांगतो. किरणं बघून निवांत स्टेशनवर या, महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री कोल्हापूरहून सुटते आणि पहाटे पुण्यात आणून सोडते. तिकिटं आधी काढा, त्या दिवसांत मिळत नाहीत. जाताना माझी गाडी घ्या, आणि मला दीडला मोकळं करा. परतीच्या रिकाम्या गाडीचं भाडं पडेल, ते आताच सांगून ठेवतो.