शिसं ओतायची नवी भट्टी आणली, म्हणजे घर सुरक्षित झालं का?

खोपोलीच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी पाताळगंगेत येतं, म्हणून ही नदी ऐन उन्हाळ्यातही वाहती असते. साहजिकच शिळफाट्यापासून खाली नदीकाठाने पाग टाकणारी माणसं बारा महिने दिसतात. पाग म्हणजे हाताने भिरकावून पसरायचं गोल जाळं. ते पटकन बुडावं म्हणून त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवतात. एका मोठ्या पागाला काही किलो शिसं लागतं, आणि ते बरेच जण घरीच वितळवून ओततात.

माझ्याकडे येणारे एक काका कारखान्यातून निवृत्त झाल्यावर हेच करतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) भंगारवाल्याकडून जुन्या बॅटरीतलं शिसं आणायचं, मागच्या पडवीत चुलीवर लोखंडी कढई ठेवायची आणि पळीने साच्यात ओतायचं. त्यांचा अडीच वर्षांचा नातू फिकट दिसतो, माती खातो, शौचाला कुंथतो म्हणून सूनबाई त्याला घेऊन आल्या. अशा मुलाला आपण जंताचं औषध आणि लोहाचं सिरप देतो. ते दिलंच. पण "घरात कोण काय काम करतं?" हेही विचारलं, आणि उत्तर ऐकून रक्तातलं शिसं तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला 19 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर.

हा आकडा किती मोठा? शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. 5 किंवा त्याहून जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या 2020 च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात 5 च्या वर शिसं असल्याचा अंदाज होता. आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं 2000 साली गेलं. घरातलं शिसं कुणी मोजत नाही. 19 ला मूल आजारी दिसेलच असं नाही, पण शिकणं, लक्ष लागणं, वागणं यांवर परिणाम होऊ शकतो, आणि झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही.

काकांनी रिपोर्ट गंभीरपणे घेतला. अमेरिकेतल्या भाच्याने खालून ओतायची विजेची भट्टी पाठवली. तिकडे बंदुकीच्या गोळ्या घरी ओतणारे लोक ती वापरतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, जाळ्याच्या गोळ्यांचा त्याच्याशी संबंध नाही.) मग काका विचारायला आले, "आता धूर नाही, मग काम झालं ना?"

भट्टी खरंच चांगली आहे. भांड्याच्या तळाला भोक, त्यात बसणारी एक दांडी. खटका उचलला की दांडी वर होते आणि शिशाची धार खालच्या साच्यात पडते. शिसं 327 अंशांना वितळतं. चुलीवर ते नकळत लालभडक होतं, आणि साधारण 500 अंशांपुढे त्याची वाफ बरीच निघू लागते. इथे तापमान आवरता येतं. उकळत्या शिशाची पळी घेऊन वळायचं नाही, म्हणून भाजण्याची भीतीही कमी. ओल मात्र इथेही चालत नाही: पाण्याचा थेंब शिशाखाली गेला तर क्षणात वाफ होऊन शिसं तोंडावर उडतं.

पण नातवाच्या पोटात शिसं धुरातून कमी आणि राखाडी पुडीतून जास्त गेलं असावं. वितळलेल्या शिशावर साय धरते, ती काढून काका पडवीत एका बाजूला टाकायचे. थंड झाली की तिची भुकटी होते. पडवी शेणाने सारवलेली. तिथे मूल रांगतं, हात तोंडात घालतं. पोटात गेलेल्या शिशातलं मोठ्या माणसाचं शरीर साधारण दहावा हिस्सा शोषतं, लहान मुलाचं जवळजवळ निम्मं. त्यात लोह कमी असेल तर आणखी जास्त.

नव्या भट्टीत वरची साय ढवळली जात नाही, स्वच्छ शिसं खालून येतं, हा फायदा खरा. पण बॅटरीचं घाणेरडं शिसं टाकलं की दांडीपाशी कचरा अडकून ती गळायला लागते. म्हणून काका भंगार आधी जुन्या कढईत, जुन्या चुलीवर वितळवून साफ करत होते आणि मग विटा करून भट्टीत टाकत होते! म्हणजे सगळ्यात वाईट काम होतं तिथेच राहिलं. शिवाय बॅटरीच्या शिशात अँटिमनी असतं, कधी आर्सेनिकही. मी भंगार बंद करायला सांगितलं. साफ शिशाच्या विटा महाग पडतात, त्यावर काकांची कुरकुर चालू आहे, आणि ती रास्त आहे.

भट्टी आता पडवीतून परसाच्या टोकाला, मोकळ्या पत्र्याच्या छपराखाली गेली. कामाचे कपडे आणि चपला तिथेच राहतात आणि वेगळे धुतले जातात. पडवीचा वरचा थर पाणी शिंपडून, ओला असतानाच खरवडला आणि झाकणाच्या डब्यात भरून ठेवला. भाजीच्या वाफ्यात नाही. कोरडा झाडू बंद, ओलं फडकं. तोंडाला रुमाल बांधला तर तो फक्त घाम पुसायला उपयोगी.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. पाग फेकताना कडेचा भाग दातात धरायची सवय अनेकांना असते, काकांनाही आहे. मी नको म्हटलं तर म्हणतात, "तिसरा हात कुठून आणू?" निदान नदीवरून आल्यावर चूळ भरून, साबणाने हात धुऊन मगच तंबाखूला हात लावा, एवढ्यावर तडजोड झाली. तंबाखूचं भांडण वेगळं. इंग्लंडने मासेमारीच्या छोट्या शिसाच्या वजनांवर 1987 मध्येच बंदी आणली, तीही हंस मरतात म्हणून. आपल्याकडे काही जण लोखंडी साखळी लावतात. ती गंजते आणि जाळं उघडत नाही, असं काकांचं मत.

शिसं बाहेर काढायचं इंजेक्शन का दिलं नाही, असं सूनबाईंनी विचारलं. मुलांना ते औषध साधारण 45 च्या पुढे देतात. त्याखाली उपाय एकच: येणारं शिसं बंद करणं, लोह आणि कॅल्शियम पुरेसं देणं, पुन्हा तपासणं. रक्तातलं शिसं काही आठवड्यांत उतरू लागतं, हाडात बसलेलं वर्षानुवर्षं राहतं. तपासणी शिरेतून रक्त घेऊनच करा. बोट टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरची धूळ मिसळून आकडा फुगतो.

सूनबाईंना पाचवा महिना आहे. शिसं वारेतून बाळापर्यंत जातं, म्हणून त्यांचंही रक्त पाठवलं, 4 आलं. कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवल्या आहेत. नातवाची पुढची तपासणी दिवाळीनंतर.