पुढे हायकोर्ट आहेच!

कोर्टकचेरीविषयी आपल्या सुशिक्षित घरांतून एक गोड समजूत रूढ आहे: खाली हरले तरी बिघडत नाही, पुढे हायकोर्ट आहेच! जमिनीच्या वाटण्यांसाठी पिढ्यानुपिढ्या भांडलेल्या आम्हां लोकांस ही समजूत वडिलोपार्जितच लाभली आहे. परंतु चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत किंवा गडचिरोलीच्या रानात लाकूड-बांबूच्या कामावर जायबंदी झालेल्या मजुरास आपण हाच दिलासा देतो, तेव्हा नकळत त्याचा घातच करतो.

कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. अपिलाची चौकट मात्र बहुतांशी तीच राहिली. निवाड्यानंतर ६० दिवसांच्या आत उच्च न्यायालयात, म्हणजे या दोन जिल्ह्यांपुरते नागपूर खंडपीठात, जावे लागते. वादाची रक्कम सामान्यतः १०,००० रुपयांहून कमी असून चालत नाही. परंतु खरी अडसर निराळीच आहे. प्रकरणात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्यावाचून अपील उभेच राहत नाही. अपघात कामावर असताना झाला काय, मजुरी किती होती, हे वस्तुस्थितीचे प्रश्न होत. पुराव्यास सर्वस्वी सोडून निर्णय झाला नसेल, तर त्यांचा निकाल पहिल्या अधिकाऱ्यापाशीच संपतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच पुन्हा बजावले.

१९७५ साली त्याच न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले होते. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची शक्ती पूर्णपणे गेली, असे पहिल्या अधिकाऱ्याने ठरविले होते. तेच शेवटपर्यंत टिकले. पाया पहिल्याच पायरीवर घातला गेला होता.

कायदा मजुराच्या बाजूनेही जागा आहे. मालकास अपील करावयाचे, तर ठरलेली भरपाई आधी जमा करून तसा दाखला जोडावा लागतो. मजूर दगावल्यास भरपाई अधिकाऱ्याकडेच भरावी लागते. विधवेच्या हाती परस्पर दिलेले पैसे भरपाईत धरले जात नाहीत, फक्त ठरावीक आगाऊ रक्कम तेवढी वळती होते. मात्र उभय पक्षांच्या समेटावरून हुकूम झाला, तर त्यावर अपीलच चालत नाही. समेटाच्या कागदावर उमटलेला अंगठा असा शेवटचा ठरतो!

सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. तेथवर जाण्याचा सल्ला देणे सोपे. आपल्या घरांतून कोणी डॉक्टर असतो, कोणी हिशेबनीस, कोणी वकील. डॉक्टराने जखमेचा दाखला वेळेवर व स्पष्ट लिहावा, हिशेबनिसाने हजेरीपटावर खरी मजुरी मांडावी, वकिलाने अंगठा घेण्यापूर्वी कागद मजुरास त्याच्या भाषेत समजावून द्यावा. हायकोर्टाच्या भरवशापेक्षा ही मदत त्या मजुरास अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.