घाटवाट आणि घड्याळातला नकाशा

बेळगावहून जांबोटी मागे टाकून चोर्ल्याकडे निघालं, की रानात मोबाईलचा भरवसा उरत नाही. मनगटावरचं जीपीएस घड्याळ उपग्रहांवरून जागा दाखवतं. नकाशा मात्र घरीच उतरवून घ्यायला हवा.

नुसता रस्त्यांचा नकाशा डोंगरात अपुरा. समोच्च रेषांचा निवडा. रेषा विरळ तिथे चढ सोपा, दाट तिथे कडा. पण दोन रेषांत २० मीटरचं अंतर असेल, तर १५ मीटरचा कडा मध्येच लपू शकतो. ओपनस्ट्रीटमॅपवरच्या मोफत नकाशांत पायवाटा असतात, पण स्वयंसेवकांनी नोंदवल्या तेवढ्याच.

पावसाळ्यात ओढ्याला पाणी किती, हे कुठलाच नकाशा सांगत नाही. ते गावातल्या मामांना विचारा. ‘जाऊ नका’ म्हणोत की ‘होगब्याड्री’, मुकाट्यानं परत फिरा.